रायाजीरावांचा तांब्याचा पत्रा

घाटमाथ्यावरचे जहागीरदार रायाजीराव लेकीसाठी सागवानी सांगाड्याचं घर बांधत होते. भिंतींना बाहेरून काय लावायचं, यावर बैठक बसली.

त्यांच्या पत्नी सगुणाबाई म्हणाल्या, "फळ्या लावाव्यात आणि मागे वारा खेळायला फट ठेवावी."

"फट? जहागीरदाराच्या घराला?" रायाजीराव गरजले. "तांब्याचा पत्रा लाकडावर घट्ट ठोका! थेंब आत शिरता कामा नये."

सगळ्यांच्या माना डोलल्या. लेकीचं घर काही पावसाळ्यांतच आतून कुजणार, हे सगुणाबाईंना दिसत होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "उद्या पाहणीला येताना सरकारांनी मेणकापड अंगाला घट्ट गुंडाळावं. पावसाचा नेम नाही."

दुसऱ्या दिवशी भर पावसात रायाजीराव तसेच चढ चढून आले. मेणकापड सोडलं, तर अंगरखा पिळण्याइतका ओला.

"कापड फाटकं दिलंत!"

"नाही सरकार. पावसाचा थेंबही आत गेला नाही, आतला घाम तेवढा बाहेर पडला नाही. लाकडाची ओलही पत्र्याआड अशीच कोंडेल. आपण निदान कापड सोडलंत, घरानं काय करावं?"

रायाजीरावांनी कपाळ पुसलं आणि ते शेजारी उभ्या कारभाऱ्यावर डाफरले, "ऐकलंत ना? फळ्या मागवा! आणि आधी मला वारा घाला."