जन्माच्या वेळचं वजन

"अजून एखादी साइट सांगा ना, सर. एखादा बरा साचा, व्हिडिओ... काहीही चालेल."

प्रणवने लॅपटॉप टेंबे सरांपुढे ठेवला. सर ओटीवर बिरड्याचे वाल सोलत बसले होते. प्रोग्राम आधी माणसासाठी लिहावा, गोष्टीसारखा. संगणकाच्या आज्ञा त्यातच गुंफाव्यात आणि सगळं पुस्तकासारखं नीट छापावं, हे त्यांनीच त्याला शिकवलं होतं. ते कसं करतात हे प्रणव नेटवर शोधायला लागला आणि शोधतच राहिला. हुशार मुलांना हा रोग लवकर जडतो.

इस्पितळात अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या औषधाचा डोस काढणारा प्रोग्राम त्याने एकट्याने लिहिला होता. आता तो नोकरी सोडून चालला होता. सोमवारपासून ते काम त्याच्या जागी आलेली नर्गिस बघणार होती, आणि तिच्यासाठी त्याला तो प्रोग्राम असाच पुस्तकासारखा लिहून ठेवायचा होता.

"काय जमलंय ते दाखव."

प्रणवने अभिमानाने दाखवलं. आधी विषयवार लावलेल्या ढीगभर लिंका, मग पानं. समास नेमके, जोडाक्षरं सुबक, अनुक्रमणिका आपोआप तयार होणारी.

सरांनी चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचायला घेतलं. "येथे मजकूर येईल. येथे मजकूर येईल. येथे..."

"सर, ते नुसतं जागा धरायला आहे!" प्रणवचे कान तापले.

"हं..."

पुढच्या पानावरही तेच होतं. त्याखालच्या आज्ञांमधल्या एका ओळीवर सरांनी बोट ठेवलं.

"बाळाचं आजचं वजन विचारतोस आणि डोस काढतोस जन्माच्या वजनावर. ही चूक आहे."

"चूक नाहीये ती!"

"नर्गिसला वाटेल. हुशार आहे म्हणतोस ना? मग पहिल्याच दिवशी दुरुस्त करून टाकेल."

हे प्रणवच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सरांनी लॅपटॉप मिटला आणि वालांची परात त्याच्याकडे सरकवली.

"सांग."

"सर... बाळ जन्मलं की पहिल्या काही दिवसांत त्याचं वजन उतरतं. अंगातलं पाणी कमी होतं म्हणून. त्या उतरलेल्या वजनावर डोस काढला तर औषध कमी पडेल. म्हणून वजन पुन्हा पहिल्याइतकं होईपर्यंत जन्माचंच धरायचं, असं आमच्या डॉक्टरांनी ठरवलंय. आजचं विचारतो ते फक्त बाळ तिथवर पोचलं का, एवढं बघायला."

तो बोलत राहिला, वाल सोलत राहिला. मध्येच एका बाळाची आठवण निघाली आणि त्याचा आवाज जरा ओला झाला.

"समजलं मला," ते म्हणाले.

प्रणवला फार हायसं वाटलं. त्याने घाईघाईने हात पुसून लॅपटॉप उघडला.

"मग सर, हे कोणत्या फॉन्टमध्ये बसवू?"

"आत्ता मला कोणत्या फॉन्टमध्ये सांगितलंस?"