पाय टेकवून पास

फार पूर्वी, नदीवर पूल नव्हता आणि नावा वरचेवर कलंडायच्या, तेव्हा एका गावात जीवरक्षकांचं कॉलेज निघालं. बुडणाऱ्याला वाचवायचं, एवढंच तिथलं शिक्षण.

परीक्षा काठाशी, छातीभर पाण्यात व्हायची. प्राचार्य छत्रीखाली बसून वर दिसणारे हात तेवढे बघायचे आणि गुण द्यायचे.

एका विद्यार्थ्याला पोहता येत नव्हतं. परीक्षेच्या सकाळी तो रडकुंडीला आला. "नापास झालो तर बाबा घरात घेणार नाहीत."

"रडतोस काय येड्या?" मित्र म्हणाला. "वर हात मार, खाली तळावरून चालत जा. सगळेच चालतात."

"सगळे?"

"अरे, सगळे!"

त्याला केवढं हलकं वाटलं! सगळेच करतात म्हणजे ती लबाडी कसली, ती तर रीतच. तो पाणी उडवत चालत गेला आणि पहिल्या वर्गात पास झाला. पुढे तर आपण खरोखरच पोहलो होतो, असं तो स्वतःलाच सांगू लागला. त्याला ते पटलंही.

पदवीदान पैलतीरावर होतं. सगळे एकाच नावेतून निघाले. भर धारेत प्राचार्य भाषणाची तालीम करायला उभे राहिले आणि धपकन पाण्यात पडले.

"वाचवा!"

"जा ना रे," विद्यार्थी मित्राला म्हणाला.

"तू जा. पहिला वर्ग तुझा."

विद्यार्थ्याने एकेक चेहरा पाहिला. प्रत्येक जण शेजाऱ्याला ढकलत होता. सगळेच! ज्या शब्दाने तेव्हा धीर दिला, त्यानेच आता तो काढून घेतला.

"सर, तुम्हीच पोहा की! तुम्ही तर शिकवता!" तो ओरडला.

"गाढवांनो," प्राचार्य गटांगळ्या खात ओरडले, "मीसुद्धा याच कॉलेजातून पास झालोय!"

नशिबाने एक म्हैस नदी ओलांडत होती. तिचं शेपूट हाती लागलं, म्हणून सर वाचले.

पैलतीरावर लगेच चौकशी समिती बसली. तिने कुणावरही ठपका ठेवला नाही. म्हशीला मानद पदवी मात्र दिली. म्हशीने ती तिथेच खाल्ली.

समारंभ संपला. घरी जायला तीच नाव उभी होती, पण एकही पदवीधर चढेना.

शेवटी त्या विद्यार्थ्याने पदवीची सुरळी दगडाखाली ठेवली, छातीभर पाण्यात उतरला आणि आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही पाय उचलले. नाकातोंडात पाणी गेलं. खोकत उठला आणि पुन्हा उचलले.

तात्पर्य: 'सगळेच करतात' म्हणून बिनधास्त लबाडी करणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं, की उद्या बुडताना हाक त्या सगळ्यांनाच मारायची आहे.