गोधडीचा उघडा कोपरा

फार जुनी गोष्ट आहे, आणि गाव कुठलं ते विचारू नका. त्या राज्यातला राजा वारला आणि सेनापतीनं गादी बळकावली. झालं! दुसऱ्याच दिवशी दवंडी पिटली, की चावडीवर, पारावर कुणी घोळका करून बोलायचं नाही.

मग गावातली माणसं नाहीशी व्हायला लागली. शिपाई यायचे, "तुझ्यावर संशय आहे" एवढंच म्हणायचे आणि माणूस उचलून न्यायचे. काय केलं, कुणाचं केलं, विचारपूस नाही. घरचे रडत सेनापतीच्या गढीवर गेले की दारावरचा पहारेकरी म्हणायचा, "आम्ही कुणाला आणलंच नाही. पळाला असेल सीमेपलीकडे."

गावात एक कोष्टीण होती. नवरा कधीच गेलेला, एकुलता एक मुलगा येसू. त्याला भर दुपारी मागावरून उठवून नेलं. लुगडं अर्धं विणून तसंच राहिलं. कोष्टीण रोज गढीवर जायची आणि रोज तेच उत्तर ऐकून परत यायची. पण बाई चिवट. ती म्हणाली, "आज नाही तर उद्या न्याय करणारा कुणीतरी येईलच. तेव्हा सांगायला आपल्याजवळ काहीतरी हवं ना?"

कागदावर लिहावं तर झडती व्हायची. मग तिनं अंगणात गोधडी शिवायला घेतली. गोधडी शिवणाऱ्या बायकांकडे कोण कशाला बघतंय?

ज्या घरचा माणूस नेला, त्या घरच्या बाईनं त्याच्या कपड्याचा तुकडा आणायचा. तो गोधडीला जोडता जोडता सांगायचं, कुणी नेला, कुठून नेला, तो काय बोलला. बाकीच्यांनी ते पाठ करायचं. कोष्टिणीची एकच अट होती. "डोळ्यांनी बघितलं तेवढंच सांगा गं. कानावर आलेलं इथं चालणार नाही."

त्या गावात एक रीत होती. गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करताना आत भाकरीचा तुकडा घालायचा. उपाशी गोधडी ऊब देत नाही, असं तिथल्या बायका मानायच्या. कोष्टिणीनं तो कोपरा उघडाच ठेवला. म्हणाली, "माझा येसू आला की भरू."

पण सुखानं शिवायलाही मिळेना. शिवायला बसणाऱ्यांतल्याच कुणीतरी चुगली केली आणि एकीचा भाऊही उचलला गेला. तेव्हापासून बायका एकमेकींकडे तिरक्या नजरेनं बघायला लागल्या. कुणी उशिरा आली तरी संशय, लवकर आली तरी संशय. कुणी जास्त रडली तर "नाटकं करते मेली," आणि नाही रडली तर "हिला काहीच कसं वाटत नाही?"

अशातच एका दुपारी सगुणा दारात येऊन उभी राहिली. ही गढीवरच्या शिपायाची बायको. हातात लाल डगल्याचा तुकडा. शिपायांचाच लाल डगला तो! बायकांच्या सुया जागच्या जागी थांबल्या.

"मावशी, मलाही एक तुकडा जोडायचाय," सगुणा म्हणाली.

"कुणी पाठवलं तुला?" कोष्टिणीनं विचारलं.

"कुणी नाही. माझं ऐकून तर घ्या..."

"ऐकायला तू आली आहेस, सांगायला नाही! आम्हाला काय दूधखुळं समजलीस? चल, चालती हो!"

बाकीच्या बायकांनी तुकडे पदराखाली लपवले. सगुणा तुकडा मुठीत धरून निघून गेली. तिला एक प्रश्न धड कुणी विचारला नाही.

पुढे सेनापतीचं आपल्याच सरदारांशी फाटलं आणि त्याची सत्ता कोसळली. न्यायसभा बसली. बायकांनी भर सभेत गोधडी पसरली. एकेक तुकड्यावर हात ठेवून एकेकीनं बघितलेलं सगळं सांगितलं. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

सेनापती मात्र हसला. "नेलं असेल चौकशीला. संध्याकाळी सोडून दिलं. गढीच्या आत काय झालं, हे यांच्यातल्या एकीनं तरी बघितलंय का?"

न्यायाधीशांनी बायकांकडे बघितलं. बायकांनी माना खाली घातल्या. आतलं कुणी बघितलं होतं?

कोष्टिणीला तो लाल तुकडा आठवला. ती तशीच उठली आणि सगुणाच्या दारात गेली. "चुकले गं बाई. त्या दिवशी काय सांगणार होतीस?"

सगुणानं तिला बसायलाही सांगितलं नाही. "नवऱ्याला भाकरी द्यायला मी रोज गढीत जायची. तळघरात माणसं होती. एक दिवस त्यांना मारून तळ्यात टाकायचा हुकूम झाला. माझ्या नवऱ्यानं हात उचलायला नकार दिला, तर त्यालाच मारून तळ्यात टाकलं, माझ्यासमोर. बाकीच्यांना त्या दिवशी तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे आले."

"आणि माझा येसू?"

"तेव्हा जिवंत होता, मावशी. झरोक्यातून भाकरी दिली मी त्याला. म्हणाला, आईला सांगा मी इथंच आहे, मागच्या भिंतीशी येऊन एकदा हाक मार म्हणावं. तेच सांगायला आले होते. दोन दिवसांनी त्यालाही नेलं तळ्याकडे."

कोष्टीण उंबऱ्यावरच खाली बसली. म्हणाली, "माझ्या येसूला उचलणाऱ्यांनीही कुणाला काही विचारलं नव्हतं गं. मीही तुला तसंच हाकललं. मग त्यांच्यात न् माझ्यात फरक तो काय राहिला?"

सगुणा रडली. मग डोळे पुसून न्यायसभेत आली आणि बघितलं तेवढंच सांगितलं. तळ्याचा गाळ उपसला. माणसांची हाडं निघाली, लाल डगला निघाला. सेनापतीचं हसू गेलं. त्याला आणि त्याच्या हुकमाच्या ताबेदारांना जन्मभराची कैद झाली.

न्याय मिळाला. येसू मिळाला नाही.

निकाल लागला त्या दुपारी कोष्टिणीनं गोधडीच्या उघड्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा ठेवला, त्यावर सगुणाचा लाल तुकडा ठेवला आणि सुई सगुणाच्या हातात दिली. म्हणाली, "तूच बंद कर. शेवटची भाकरी तूच दिलीस त्याला."

तात्पर्य म्हणाल, तर हे: वाईट दिवसांत संशय जरूर घ्यावा, पण त्यानं प्रश्न विचारावा, निकाल देऊ नये. न ऐकता निकाल देणं हाच तर जुलूम.