दुपारचा विक्रम

एका शहरातल्या संशोधन संस्थेत इरावती गुळवणी नावाच्या शास्त्रज्ञ होत्या. अर्धवाहक पदार्थापासून मोहरीएवढी चकती बनवायची, तिला वीज द्यायची आणि ती किती प्रकाश देते ते मोजायचे, यात त्यांचे अर्धे आयुष्य गेले होते. घरचे दिवे लावायचे मात्र त्या विसरत.

एके दिवशी दुपारी त्यांच्या नव्या चकतीने आजवरच्या कुठल्याही चकतीच्या दुप्पट प्रकाश दिला. रोज दुपारी मोजले, रोज तेच. संस्थेत पेढे वाटले गेले. चकती कशाची असते हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांनी दोन दोन घेतले. संचालक निमकरांनी सत्कार ठरवला. त्याच समारंभात बाईंना नव्या विभागाचे प्रमुखपद जाहीर व्हायचे होते. त्या पदाची वाट पाहता पाहता त्यांचे केस पिकले होते.

सत्काराच्या आदल्या दिवशी सकाळी वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला. बाईंनी त्याच्यासाठी चकती लावली. मीटरवर निम्माच आकडा आला. फोटोग्राफरला आकड्याशी देणेघेणे नव्हते. "जरा हसा," म्हणाला, फोटो काढला आणि गेला. बाई मीटरकडे पाहत राहिल्या.

"सकाळी हिला होतं तरी काय?" त्यांनी सहकारी खंडागळ्यांना विचारले.

"बाई, तीही सरकारी आहे. चहा झाल्याशिवाय कामाला लागत नाही," खंडागळे म्हणाले. "आणि चांगल्या आकड्याची चौकशी कोण करतं? वाईट आला की समिती नेमायची."

बाई हसल्या, पण त्यांना चैन पडेना. दुपारी पुन्हा मोजले. आकडा दुप्पट. मग त्यांनी एक अगदी साधी गोष्ट केली, म्हणूनच ती इतके दिवस कोणाला सुचली नव्हती. त्यांनी चकतीची वीज बंद केली. आकडा शून्यावर यायला हवा होता. तो निम्म्यावर येऊन थांबला.

चकती बंद आणि उजेड चालू! बाहेरचा उजेड लागू नये म्हणून चकती ज्या काळ्या पेटीत ठेवून मोजत, ती बाईंनी चारी बाजूंनी न्याहाळली. मागे वायर आत न्यायचे भोक होते आणि पश्चिमेच्या खिडकीतले ऊन नेमके त्यात शिरत होते. मीटर शून्यावर आणायची पद्धत सकाळची. मोजायची पद्धत दुपारच्या चहानंतरची. विक्रमाचा निम्मा भाग सूर्याचा होता, आणि सूर्य संस्थेच्या पगारपटावर नव्हता.

बाई तशाच संचालकांकडे गेल्या.

"अहो, मांडव घातलाय, मंत्री येतायत!" निमकर म्हणाले. "भोक परवा सापडू द्या. उद्या प्रमुख व्हा, मग निवांत बुजवा."

"सर, प्रमुख झाल्यावर ते मला सापडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी हार गळ्यात पडण्याआधीच बाईंनी माईक हातात घेतला आणि विक्रम मागे घेतला. भोक कुठे होते, तेही सांगितले. मंत्र्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या, कारण भाषण लहान होते. प्रमुखपद खंडागळ्यांना मिळाले.

त्या आठवड्यात संस्थेजवळच्या दुकानांत काळे कापड मिळेनासे झाले. पुढे महिनाभरात संस्थेतले बरेच विक्रम गुपचूप खाली उतरले. त्याबद्दल कोणी भाषण केले नाही.

बाईंनी भोक बुजवले आणि पहिल्यापासून मोजायला बसल्या. आकडा लहान आला, पण सकाळी आला तोच दुपारी आला, आणि ढगाळ दिवशीही तोच.

"आता तरी समाधान झालं?" नव्या प्रमुखांनी दारातून विचारले.

"कुठलं! एवढा तरी प्रकाश का येतो, ते कुठे कळलंय?" असे म्हणून बाईंनी पुढची चकती लावली.

तात्पर्य: अपयशाचे कारण सगळेच शोधतात, हाती आलेल्या यशाचेही कारण जो शोधतो, त्याच्या कामावर दुसऱ्यांना विसंबता येते.