कारभाऱ्याचा चांदीचा झोपाळा

तळ्याकाठी एक नगर होतं, पहाटेच्या धुक्यात पाण्यावर तरंगल्यासारखं दिसणारं. नगरभरच्या बायकांनी उजळायला दिलेले पैंजण भिवरा सोनारणीच्या दुकानातून चोरीला गेले. ते मिळाले नाहीत, तर चोरीचा आळ तिच्यावरच येणार होता.

चोर सापडला. त्याने पैंजण कारभारी त्रिंबकपंतांना दिले होते आणि त्यांनी ते वितळवून झोपाळा घडवला होता.

राजा चौकशीला आला, तेव्हा म्हातारा कारभारी त्याच झोपाळ्यावर अर्धवट झोपेत झुलत होता. चांदी नुसती लखलखत होती.

"कायदा मीच लिहिलाय, महाराज. चोरीची वस्तू जशीच्या तशी सापडली, तरच जप्त करायची. इथे पैंजण दिसतायत कुठे?"

वयाचा मान राखून सगळे गप्प बसले. असल्या मानानेच म्हातारे माजतात.

राजाबरोबर आलेल्या भिवराने मात्र तिथेच अंगणात भट्टी पेटवली.

"उठा आजोबा. झोपाळा वितळवून पैंजण घडवते."

"अगं चोरटे, झोपाळा माझा आहे!"

"असू दे की! माझ्याकडे झोपाळा सापडणारच नाही, पैंजण सापडतील. मग कुठल्या कायद्याने जप्त कराल?"

झोपाळा थांबला.

चोरीच्या मालाचं रूप बदललं, तरी तो मूळ मालकाचाच, असा नवा कायदा राजाने तिथेच केला आणि तो त्रिंबकपंतांच्याच हाताने लिहून घेतला.