एरंडाचं कुरण

डोंगराच्या पायथ्याशी एक कुरण होतं आणि त्यात मुनियांचा थवा राहत असे. चिमणीहूनही लहान ही पाखरं गवताच्या बियांवर जगायची. जंगलाचा रिवाज होता, की ओढ्याकडच्या पट्टीतलं गवत पिकून गळेपर्यंत कुणी तोंड लावायचं नाही. तो पाखरांचा वाटा.

मग कोल्ह्याने एरंडाच्या तेलावर पळणारी गाडी आणली. म्हातारं अस्वल आणि म्हातारा गवा तिच्यावर भाळले. तळ्यापर्यंत चालायचा कंटाळा, दुसरं काय! "झाडाचं तेल आहे, पोरांनो, कुणाचं नुकसान नाही," असं म्हणत त्यांनी कुरणात एरंड लावला. तेल पुरेना, तेव्हा पाखरांची पट्टीही उकरली.

एक तरुण मुनिया भरसभेत उठली. "आजोबा, एरंडाचं बी विषारी. आम्ही खायचं काय?"

"कालची अंड्यातली तू! पावसाळे किती पाहिलेस गं?" अस्वल हसलं.

"दोन. दोन्ही पावसाळे पोटभर जेवले."

"चोच आवर," थव्यातली आजीच तिच्यावर खेकसली. "मोठ्यांना कळतं." सगळा थवा मान खाली घालून बसला.

हिवाळ्यात बी संपलं. थवा उडाला. आजीला भुकेने पंख उचलवेनात, म्हणून मुनिया मागे राहिली. "तू विचारलंस तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं," एवढं बोलून चौथ्या दिवशी आजी गेली. फार उशिरा सुचलं तिला.

एकदा गाडी चाऱ्याने लादून आली. गव्याला आता इथे गवत उरलं नव्हतं; चारा तीन डोंगरांपलीकडून यायचा. पिकलेल्या एरंडाचं सगळं तेल त्या फेऱ्यांतच जळत होतं. तळ्यावर अस्वल पुन्हा चालतच जाई.

"बस गाडीत. थव्याकडे सोडतो," अस्वल ओशाळून मुनियाला म्हणालं.

"थवा कुठे गेलाय, आजोबा?"

अस्वलाला ते ठाऊक नव्हतं. गाडी निघून गेली.

मुनिया फांदीवर एकमेकींना खेटून झोपतात. ती एरंडाच्या फांदीवर मधोमध बसली. दोन्ही बाजूंना जागा होती.

तात्पर्य : जमिनीत काय पेरायचं हे ठरवताना तिच्यावर ज्याचं पोट आहे त्याला आधी विचारा, आणि त्याचं वय मोजत बसू नका.