अठरा पगड्या, एक नाक

सोनतळ्याच्या विक्रांतराजाला अठरापगड दरबार हवा होता, आणि तोही सोमवारच्या आत! शेजारच्या राजाने मेजवानीत मिशीवर ताव देत सांगितलं होतं, "आमच्याकडे सगळ्या जातींची, सगळ्या वंशांची माणसं कामाला आहेत." तेव्हापासून विक्रांतराजाला घास गोड लागेना.

"दिवाणजी," तो गरजला, "सोमवारी तो पाहुणा येणार. त्याच्या आधी आपला दरबार अठरापगड झाला पाहिजे!"

दिवाण धुंडिराजाने लगेच दवंडी पिटली, "कुणीही या, काम मिळेल!" माणसं डोंगरातून आली, खाडीपलीकडून आली आणि महालाच्या दरवाजाबाहेर उन्हात बसली. दरवाजा काही उघडला नाही. कारण दिवाणाला सात बहिणी होत्या, सात बहिणींना मिळून अठरा मुलगे होते आणि अठराच्या अठरा बेकार होते! दिवाणाने बाजारातून अठरा तऱ्हेच्या पगड्या आणवल्या आणि एकेका भाच्याच्या डोक्यावर एकेक चढवली. झाला दरबार अठरापगड!

अठराव्या भाच्याला, म्हणजे वामनला, त्याने सिद्दी बनवलं. सिद्दी लोकांचे पूर्वज फार वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आफ्रिकेतून आलेले. रंग काळा, केस दाट कुरळे. दिवाणाने काजळी तेलात कालवली, वामनच्या तोंडाला फासली आणि त्याला हत्तीखान्यात माहूत म्हणून नेमलं.

पण हत्तीखान्यात एक खरीखुरी सिद्दी मुलगी होती. तिचं नाव जैतून. तिचे वडील माहूत होते. ते वारल्यापासून शेवंती हत्तीण फक्त जैतूनच्या हातचं खायची. "तुझी नेमणूक करतो, करतो," म्हणत दिवाणाने तिला वर्षभर फुकट राबवलं होतं. आता वामन येताच त्याने तिला हाकलून दिलं. शेवंतीने त्या दिवसापासून उसाच्या कांड्यालासुद्धा सोंड लावली नाही.

जैतून तडक दरबारात गेली. वामनसकट अठराही भाचे पगड्या घालून तिथे हजर होते. शेवंती तिच्या मागोमाग आली आणि समोरच्या अंगणात उभी राहिली. हत्तिणीला अडवणार कोण?

"महाराज, माझं काम मला परत द्या. शेवंती उपाशी आहे."

"सिद्द्यांची जागा भरली!" राजाच्या आधी दिवाणच बोलला. "हा बघ तुझा जातभाई. आणि तुला कसं ठेवणार गं? पाहुण्यांसमोर हा असा रंग! त्या केसांवर पगडी तरी बसेल का?"

"रंगाचं म्हणता, दिवाणजी? शेवंती माझ्याहून काळी आहे. तिला तर मखमलीची झूल घालता! आणि माझ्या या जातभाईचा रंग गळ्यावरून ओघळतोय, तो आधी पुसा."

खरंच, वामनच्या पांढऱ्या अंगरख्यावर काळे ओघळ आले होते.

"महाराज, या लोकांना घाम काळाच येतो!" दिवाण म्हणाला.

"असेल बुवा," राजा म्हणाला.

"मीही उन्हातूनच आले, महाराज," जैतून कपाळ पुसत म्हणाली. "माझा घाम तर पाण्यासारखा आहे. खरं सांगू? मला इथे पगड्या अठरा दिसतात, पण नाक एकच दिसतं. दिवाणजींचं!"

चोपदाराने हसू दाबलं. राजा लाल झाला. सगळ्या मुलखात फुशारकी मारून झाली होती, आता माघार कशी घेणार?

"माझ्या दरबाराची थट्टा करतेस? सिद्ध कर! पण कुणाच्या पगडीला हात लावायचा नाही. कुणाला तोंड धुवायला लावायचं नाही. या अठरांशी एक अक्षर बोलायचं नाही! जमलं तर तुझं काम तुझं. नाही जमलं तर आजच्या आज राज्य सोडायचं!"

"आणि शेवंतीला?"

"तिला वामन सांभाळेल!"

जैतूनने शेवंतीकडे पाहिलं. मग ती शांतपणे म्हणाली, "चालेल, महाराज. दिवाणजींना तेवढं साक्षीला अंगणात उभं राहू द्या. त्यांच्याइतका शहाणा साक्षीदार कुठे मिळणार?"

दिवाण फुगला आणि तोऱ्यात अंगणात जाऊन उभा राहिला. जैतूनने शीळ घातली. शेवंतीने सोंड पुढे केली, अलगद दिवाणाच्या कमरेभोवती गुंडाळली आणि त्याला उचललं ते थेट आपल्या डोक्याच्याही वर!

"अगं आई गं!" दिवाण किंचाळला.

आणि दरबारातून अठरा गळ्यांतून एकच हाक उठली, "मामा!"

कोळ्याच्या टोपीतला धावला, "मामा, हलू नका!" धनगराच्या पागोट्यातला रडायलाच लागला, "मामा, आता आईला काय सांगू?" काजळी फासलेला वामन तर सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता, "मामा! मामा!"



"काय हो दिवाणजी," राजाने वर बघत विचारलं, "अठरा जाती, अठरा वंश, आणि सगळे तुम्हाला मामा कसे म्हणतात?"

"महाराज, मी... मी सगळ्या प्रजेचा मामा आहे!" वरून आवाज आला.

"छे छे!" जैतून म्हणाली. "दिवाणजी मामा आहेत ते या अठरांचे. आणि त्यांनी मामा बनवलंय ते तुम्हाला, महाराज!"

राजाचा हात तलवारीकडे गेला. मग त्याने लोंबकळणाऱ्या दिवाणाकडे पाहिलं, त्याच्याखाली झोळीसारखी उपरणी पसरून उभ्या असलेल्या अठरा भाच्यांकडे पाहिलं, त्यांची ती अठरा सारखी नाकं पाहिली, आणि त्याला हसू फुटलं. तो इतका हसला की सिंहासनाचा हात धरून बसावं लागलं.

"दरवाजा उघडा!" तो डोळे पुसत म्हणाला. "उन्हात बसलेल्यांना आत घ्या, आणि ज्याला जे काम येतं ते द्या. जैतून, आजपासून सगळा हत्तीखाना तुझा. पगार गेल्या वर्षापासूनचा! आणि हे अठरा भाचे तुझ्या हाताखाली, लीद उचलायला."

"आणि यांच्या पगड्या, महाराज?" चोपदाराने विचारलं.

"असू द्यात की डोक्यावर!" जैतून म्हणाली. "लिदीच्या पाट्या वाहायच्या म्हणजे चुंबळ लागणारच!"

राजा पुन्हा हसत सुटला. "आणि दिवाणजींना आता खाली ठेव गं!"

"ठेवते, महाराज," शेवंतीच्या तोंडात उसाचं कांडं भरवत जैतून म्हणाली. "शेवंतीचा ऊस खाऊन होऊ द्या."